उष्णतेचे घड्याळ आणि कपाशीचा राखणदार



यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा होय. वणी, राळेगाव, दारव्हा, दिग्रस या भागांत मृगाचा पाऊस पडला की काळ्या जमिनीत सरकी पडते. पुढे पानांवर मावा, तुडतुडे, फुलकिडे दिसू लागले, की शेतकऱ्याचा हात प्रथम फवारणीच्या पंपाकडे जातो. तथापि, त्याच पानांवर एक मूक राखणदारही वावरत असतो. त्याचे नाव क्रायसोपा.

जाळीदार, हिरवट पंखांचा हा नाजूक कीटक पानावर अंडी घालतो, ती केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर. आधी जन्मलेल्या अळीने शेजारची अंडी फस्त करू नयेत, म्हणून निसर्गानेच केलेली ही योजना! प्रौढ कीटक मध आणि परागकणांवर जगतो. खरी शिकार करते ती अळी. विळ्यासारख्या जबड्यांनी ती माव्याला पकडते व त्याच्या अंगातील रस शोषून घेते. आपल्या अल्प आयुष्यात अशी एक अळी शेकडो मावा संपविते.

या कीटकाचे जीवनचक्र मात्र दिनदर्शिकेप्रमाणे नव्हे, तर उष्णतेप्रमाणे चालते. हवेचे तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की त्याची वाढ जवळजवळ थांबते. त्यावरील प्रत्येक अंश म्हणजे जणू त्याच्या खात्यावर जमा होणारी रोजची मजुरी. वीस अंशांवर दिवसाला दहा अंश जमा होतात, पंचवीस अंशांवर पंधरा. म्हणूनच अंड्यापासून प्रौढ होण्यास वीस अंशांवर महिन्याहून अधिक काळ लागतो, तर पंचवीस अंशांवर सुमारे तीन आठवडे पुरतात. त्यांपैकी तीन-चार दिवस अंड्याचे, आठ-दहा दिवस अळीचे आणि उरलेले पांढऱ्या, गोल कोषातील विश्रांतीचे.

परंतु उष्णता वाढेल तसा लाभ वाढतच जाईल, असे नाही. पस्तीस अंशांपलीकडे हे गणित मोडते. अंडी व अळ्या मरू लागतात, मादीची अंडी घालण्याची शक्ती घटते. हवा कोरडी असेल तर हानी अधिकच होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा कीटक सावलीचा आश्रय शोधतो तो याचसाठी. उलटपक्षी, पावसाळ्यातील दमट व मध्यम उष्ण हवा त्याला मानवते, आणि नेमका तोच कपाशीच्या वाढीचा काळ असतो.

येथेच शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न येतो. माव्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते. त्याच्या शत्रूला तीन आठवडे लागतात. घाईने केलेल्या फवारणीत दोघेही मरतात, पण मावा लवकर परततो आणि राखणदाराचे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी! या चक्राची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. सन २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. टळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी हे म्हणूनच माणसाचेही रक्षण होय.

तापमान शेतकऱ्याच्या हाती नाही. पण निवारा देणे त्याच्या हाती आहे. कपाशीत चवळीच्या ओळी व बांधावर मका, झेंडू लावल्यास मित्रकीटकांना सावली आणि अन्न मिळते. पानामागे मावा सरासरी दहाच्या आत असेल, तर रासायनिक फवारणीची घाई करू नये; आरंभी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. प्रयोगशाळेत वाढविलेली क्रायसोपाची अंडी शेतात सोडावयाची झाल्यास ती भर दुपारी न सोडता सायंकाळी सोडावीत आणि त्यानंतर विषारी औषध फवारू नये.

पंप पाठीवर घेण्यापूर्वी पान उलटून पाहावे. देठावर डुलणारी ती चिमुकली अंडी दिसली, तर राखणदार कामावर आला आहे, असे समजावे आणि त्याला त्याचे तीन आठवडे द्यावेत.