स्वमग्न मुलाचे ताट आणि महामारीचा काळ



२०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनमधील दुकानांची फडताळे ओस पडली, हे आपण सर्वांनी पाहिले. पास्ता मिळाला नाही म्हणून आपण भात शिजवला. ज्या घरी ऑटिझम असलेले, म्हणजे स्वमग्न, मूल होते तेथे अशी तडजोड बहुधा शक्य नव्हती.

यांपैकी अनेक मुले मोजकेच पदार्थ खातात. तेही ठरावीक कंपनीचे, ठरावीक वेष्टनातले. वास किंवा स्पर्श किंचित बदलला तरी घास तोंडात जात नाही. ‘भूक लागली की खाईल’ हे आपल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे येथे लागू पडत नाही. हा हट्ट नव्हे, आणि आईने लाडावून ठेवल्याचा परिणाम तर मुळीच नव्हे. काही मुले खरोखर उपाशी राहतात व त्यांचे वजन घटते, हे आम्हां डॉक्टर मंडळींना ठाऊक आहे.

अशा काळात दुकानांनी एका वस्तूचे दोन-तीनच नग देण्याचा नियम केला. साठेबाजी रोखण्यास तो योग्यच होता. पण जे मूल एकाच पदार्थावर जगते, त्याचे काय? खरेदीस घरटी एकानेच यावे, असेही अनेक दुकानांनी सांगितले. मग एकट्या आईने मुलाला कोणाजवळ ठेवावे? घरपोच मालासाठी सरकारी यादीतील अतिजोखमीच्या रुग्णांना अग्रक्रम मिळाला. केवळ स्वमग्नतेमुळे त्या यादीत नाव येत नव्हते.

इंग्लंडमध्ये शाळेतील मोफत जेवणाऐवजी आठवड्याला १५ पौंडांचे व्हाउचर मिळाले, पण ते ठरावीक दुकानांतच चाले. आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्या पालकाचा केअरर्स अलाउन्स त्या वर्षी ६७.२५ पौंड होता. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये २० पौंडांची वाढ झाली. जुन्या इन्कम सपोर्टवरील पालकांना तीही नाही.

उरली फूड बँक. तेथे पुष्कळदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन दिवसांचा शिधा मिळतो, मुख्यतः डबाबंद आणि सुका. थोरांचे भागते, मूल उपाशीच राहते. कागदोपत्री मात्र त्या घरी अन्न पोहोचलेले असते.

आपल्या समाजात पुष्कळ आईबाप मुलाचे निदानच लपवितात. ते मदत मागावयास आपणहून येणार नाहीत. म्हणून पुन्हा शिधा वाटण्याची वेळ आली, तर पिशवी भरण्यापूर्वी आईला विचारावे : मूल काय खाते, कोणत्या कंपनीचे, कोणत्या दुकानातले? आणि तेच आणून द्यावे. ते जमत नसेल तर रोख रक्कम हाती ठेवावी.