भोंगा नसलेली पाळी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सारे मागाच्या खडखडाटात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे चिटणीस माझ्याकडे आले, आणि संगणकाच्या नोकऱ्यांत आपली तरुण मुले करपून जातात, ते कसे टाळावे यावर बोला, असे म्हणाले, तेव्हा मी हा विषय एखाद्या डॉक्टरांना द्या असे सुचविले. ते म्हणाले, डॉक्टर मागच्या वर्षी येऊन गेले. त्यांनी प्राणायाम सांगितला. प्राणायामाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण चाळीस वर्षे कामगारांत वावरल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की ज्याला श्वास घ्यायला उसंत नाही त्याला श्वास कसा घ्यावा हे शिकवून फारसे साधत नाही. उसंत कशी मिळवावी, हा प्रश्न आधीचा आहे. आणि त्याबद्दल मला थोडे ठाऊक आहे.

आरंभ घरापासून करतो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. पहिली पाळी असली, की सकाळी सातला आत आणि दुपारी साडेतीनला बाहेर. भोंगा झाला की माणूस सुटला. संध्याकाळी ते भजनाला जात, कधी आम्हाला अभ्यासाला बसवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा विरला हे आपण जाणता. गिरणीत परत घेतले नाही, तेव्हा वडील आम्हाला घेऊन भिवंडीला आले आणि यंत्रमागावर उभे राहिले. काम तेच आणि सूतही तेच, पण गिरणीत आठ तास होते, इथे बारा. चौदाव्या वर्षी मी कांड्या भरायला लागलो आणि पुढे मागावर गेलो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. गिरणीला जो कायदा लागू होता तो इथे का नाही, असे मी एकदा वडिलांना विचारले. ते म्हणाले, "बाबा, कायदा मोठ्या दारातून आत येतो. इथली दारे लहान आहेत." मागांचे कारखाने लहान लहान तुकड्यांत आणि निरनिराळ्या नावांवर का असतात, हे मला पुढे संघटनेत आल्यावर कळले.

आता तिसरी पिढी. माझ्या धाकट्या भावाची मुलगी संगणक-अभियंता झाली. आमच्या घरातली पहिली पदवीधर. ऐरोलीच्या एका कंपनीत लागली तेव्हा आम्ही आळीत पेढे वाटले. परदेशी गिऱ्हाइकांची यंत्रणा रात्री-अपरात्री बंद पडली, तर ती पुन्हा चालू करणाऱ्या पथकात ती आहे. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कचेरी घरात आली. टाळेबंदी उठली, तीही हळूहळू कचेरीत जाऊ लागली, पण घरात आलेली कचेरी काही बाहेर गेली नाही. उशीखाली फोन ठेवून झोपायचे. तो रात्री दोनला वाजला की उठून बसायचे, आणि सकाळी पुन्हा ठाण्याची बस गाठायची. सहा-सात महिने आधी तिने बोलणे कमी केले, मग जेवण. एके दिवशी सकाळी ती बसथांब्यावर उभी राहिली. दोन बसा आल्या, गेल्या. तिसरीही गेली. दुकानदाराने ओळखून मला फोन केला.

मी तिला घरी आणले आणि जे बोललो त्याची मला आजही शरम वाटते. मी म्हटले, "पोरी, खुर्चीवर बसून काम करतेस, डोक्यावर गार वारा असतो. आम्ही बारा-बारा तास उभे राहिलो, कानठळ्या बसल्या. आम्ही नाही कोलमडलो." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, तुमचा माग रात्री तुमच्या घरी यायचा का?"

मी चळवळीतला माणूस, उत्तर द्यायची सवय असलेला. या प्रश्नाला उत्तर नव्हते. म्हणून वाचनालयात गेलो आणि जुनी पुस्तके काढून बसलो.

त्यांत मला जे सापडले ते असे. मुंबईच्या गिरण्या आरंभी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. दिवस मोठा असला की पाळी मोठी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातल्या मागण्या वाचल्या तर डोळे पाणावतात: रविवारी सुटी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. कामगारांनी रोज सूर्य मावळल्यावर सोडण्याची मागणी लेखी करावी, अशी ती वेळ होती! ही रविवारची सुटीसुद्धा कोणी आरोग्याचा सल्ला म्हणून दिली नाही. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवार मान्य केला. आज आपण रविवारी जे दुपारी झोपतो, ती झोप त्या मैदानावरून आलेली आहे.

पण पुढची गोष्ट आजच्या विषयाला अधिक जवळची आहे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. नवे तंत्र, प्रगतीची खूण! त्या प्रगतीने काय केले? सूर्यास्ताची जी एक नैसर्गिक मर्यादा होती ती पुसून टाकली. काम चौदा-पंधरा तासांवर गेले. आरडाओरड झाली, तेव्हा सरकारने आयोग नेमला. बहुमताने असे ठरले, की इथला मजूर कामाच्या वेळात रेंगाळतो, विडी ओढायला बाहेर जातो, म्हणजे तासांची मर्यादा घालायची गरज नाही. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर एकटे उभे राहिले. त्यांनी १९०८ मध्ये वेगळे मत नोंदवून प्रौढ पुरुषांच्या तासांनाही कायद्याने मर्यादा हवी असे म्हटले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली. ती नऊ तासांवर आणि आठवड्याच्या ४८ वर यायला १९४६ उजाडावे लागले.

माझ्या पुतणीच्या उशीखालचा फोन म्हणजे तो विजेचा दिवा आहे. आणि त्यांच्या कचेरीत चहाचे यंत्र आहे, कॅरमची खोली आहे, मग तासांची तक्रार कशाला, असे जे म्हणतात, ते त्या आयोगातल्या बहुमताचे नातू आहेत.

आता या करपण्याविषयी शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात सांगतो. इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात, तो शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद केली. पण रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, म्हणजे ती येते. खुणा तीन: माणूस आतून रिता होतो, कामाविषयी आणि माणसांविषयी त्याला तुसडेपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागते. साधा शीण एका झोपेने जातो. हे झोपेने जात नाही, आणि बरेचदा झोपच येत नाही.

हा शब्द या अर्थाने १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञांनी रूढ केला, आणि तो त्यांना कुठे सुचला पाहा. कारखान्यात नव्हे, कचेरीत नव्हे. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवक दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री राबत, त्यांच्यात त्यांनी ही अवस्था पाहिली. आणि स्वतःच्या ठिकाणीही पाहिली. म्हणजे हा आजार आळशांचा नाही. ज्याला कामाची तळमळ आहे तोच आधी करपतो.

हे वाचले तेव्हा मला २०११ साल आठवले. दिवसा ठाण्याला कामगार न्यायालय, रात्री मागांच्या गल्ल्यांतून सभा. आठ तासांसाठी भांडणाऱ्या या माणसाने स्वतः कधी आठ तास पाळले नव्हते. एका रात्री एक विणकर बोटाला फडके गुंडाळून कार्यालयात आला. धोट्याने बोट फोडले होते. मी मान वर न करता म्हटले, "उद्या ये." तो गेला, पुन्हा आला नाही. आमच्या एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी ते पाहिले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या किल्ल्या माझ्याकडून काढून घेतल्या आणि मला महिनाभर गावी पाठविले. मी फार रागावलो. महिन्याने परत आलो तर संघटना होती तशीच चालू होती! याचे वाईट वाटले हे कबूल करतो. पण ज्याला तुसडेपणाची खूण म्हणतात ती मी स्वतः अंगावर वागविली आहे, आणि ती मला दिसली नव्हती, दुसऱ्याला दिसली. कोणी तरी बघणारा हवा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे बोल गाजले. मोठ्या माणसांशी मी वाद घालीत नाही, गणित मात्र करतो. आमचा मागवाला बारा तासांप्रमाणे सहा दिवसांत ७२ तास भरतो, आणि हे कित्येक वर्षे चालले आहे. तासांनीच देश पुढे जात असता, तर आपल्या भिवंडीचे एव्हाना स्वित्झर्लंड झाले असते. निदान गटारे तरी बांधून झाली असती. उलट जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०१६ या एका वर्षात अशा लांबलेल्या तासांपायी जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे गेली असा त्यांचा अंदाज आहे.

मग करावे काय? पुतणीच्या कपाटात मला एक इंग्रजी पुस्तक सापडले, तिने ते वाचून दाखविले. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपली कामाची रीत त्यात छापली आहे. रात्रीच्या हाकेला ओ देणाऱ्या पथकात, पथक एकाच ठिकाणी असेल तर, निदान आठ माणसे हवीत. कोणाचाही पाव हिश्शाहून अधिक वेळ अशा पाळीत जाऊ नये. आणि बारा तासांच्या पाळीत सरासरीने दोनाहून अधिक बिघाड हाताळावे लागू नयेत, कारण एक बिघाड नीट निस्तरायला सुमारे सहा तास लागतात. मी ऐकतच राहिलो. ही तर आमची मागणीपत्रकाची भाषा! माणसे किती, पाळी किती, बोजा किती. मी विचारले, "तुमच्या पथकात किती?" ती म्हणाली, "तीन."

तिच्या आजाराचे कारण त्या एका शब्दात होते. तीन माणसांनी आठांचे काम करायचे आणि मग प्रत्येकाने एकेकट्याने डॉक्टरांकडे जायचे.

डॉक्टरांकडे जाऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. आम्ही तिला नेले, आणि जीव नकोसा वाटतो असे कोणी बोलले तर एक दिवसही थांबू नका. सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून आहे. पण औषधाबरोबर आम्ही एक वही आणली. रोज किती वाजता काम सुरू, किती वाजता बंद, रात्री किती वेळा उठविले, एवढेच लिहायचे. शिणलेल्या माणसाला आपण किती राबलो ते आठवत नाही. त्याला फक्त आपण कमी पडलो एवढेच वाटते. महिनाभराने वहीत आकडे उभे राहिले. तिने त्या दोघा सोबत्यांना वही दाखविली. त्यांनीही लिहायला घेतले. तिघे मिळून वरिष्ठांकडे गेले, एकेकटे नाही. रडगाणे गायले नाही. रात्रीचे बिघाड किती, त्यांपैकी तेच ते किती, आणि दोन माणसे वाढविली तर काय होईल, असा हिशेब ठेवला. पहिल्यांदा नकार आला. दुसऱ्यांदा एक माणूस मिळाला आणि रात्री उठविले तर दुसऱ्या दिवशी दुपारी यायची मुभा मिळाली. पूर्ण यश नाही, पण आमच्या चळवळीत पूर्ण यश मी फारसे पाहिलेले नाही.

‘आम्ही कामगार नाही, आम्ही अभियंते आहोत’ हे वाक्य मी या मुलांकडून पुष्कळदा ऐकले. पुण्यात, बंगळुरात अशा कर्मचाऱ्यांच्या संघटना झाल्या आहेत. २०२४ मध्ये कर्नाटकात चौदा तासांच्या दिवसाचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा तिथल्या संघटनेने तो जाहीरपणे अंगावर घेतला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-पत्रांपासून सुटे राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. पन्नासाहून अधिक माणसांच्या कंपनीने त्याविषयी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करायची असतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. कायदा झाला नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांतली ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, असेही सांगितले गेले. एकट्या माणसाची संमती कशी मिळविली जाते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी माझ्या कार्यालयात येऊन बसावे.

घरच्यांनाही एक सांगणे आहे. मुलगा परदेशी कंपनीत आहे, रात्रीचा जागतो, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. घराच्या कर्जाचा हप्ता त्याच्या पूर्ण पगारावर बेतून ठेवतो, म्हणजे नकार द्यायची त्याची ताकद आपणच काढून घेतो. आमच्या घरी आम्ही हप्ता कमी करून मुदत वाढवून घेतली. तिचा फोन ज्या रात्री तिची पाळी नसते त्या रात्री देवघराशेजारच्या फळीवर असतो. पहिले काही दिवस ती झोपेत उशीखाली चाचपायची, असे तिची आई सांगते.

आज ती इथे येणार होती. पण आज तिची पाळी आहे, आणि पाळी बदलून मागायला ती तयार झाली नाही. चौथा सोबती नवीन आहे, त्याच्यावर पहिल्याच महिन्यात ओझे नको म्हणाली. साडेनऊला ती फोन पुढच्या माणसाकडे सोपवील. मला पाऊण तास दिला होता आणि अध्यक्षमहाराजांनी दोनदा घड्याळ पाहिले आहे. मी थांबतो. कोणाला त्या वहीचे रकाने पाहायचे असतील तर ती मी बरोबर आणली आहे. खाली टेबलावर ठेवतो.