माळ्यावरचा कॅमेरा आणि दोन सुती बोल्ट
(मिरज येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून भावाची चर्चा झाली, कर्जाची झाली, विम्याची झाली. आता आमच्या वाट्याला आलेला विषय कार्यक्रमपत्रिकेवर 'माळ्यावर कॅमेरा बांधण्याची घरगुती साधने' असा छापला आहे. तो वाचून मागच्या रांगेत हसू पिकले, ते आम्ही इथून पाहिले. हसायला हरकत नाही. पण ज्यांच्या शाळवात मागच्या हंगामात डुकरे शिरली होती ते हसत नव्हते, हेही पाहिले.

रात्रीतून अर्धा एकर हुरड्यातला शाळू आडवा होतो. सकाळी शेतकरी अर्ज घेऊन जातो. दोन-चार दिवसांनी पंचनाम्याला साहेब येतात, बांधावर उभे राहतात आणि विचारतात, "हे डुकरानंच खाल्लं कशावरून? शेजाऱ्याच्या म्हशी शिरल्या असतील." आबा म्हणतात, "साहेब, मी माळ्यावर बसून डोळ्यांनी पाहिलं." साहेब म्हणतात, "तुमच्या डोळ्यांची नक्कल जोडता येते का अर्जाला?" बोलणे कडू आहे, पण सरकारी कागदाची रीत तीच आहे. डोळ्यांनी पाहिलेले फाइलला जोडता येत नाही.

वन विभागाकडून पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळण्यासाठी तीन दिवसांच्या आत तक्रार द्यावी लागते. रानडुक्कर, हरीण, रोही, गवा, माकड, रानहत्ती अशी जनावरांची यादी आहे. विम्याचेही आता तसेच होऊ घातले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विमा योजनेत धरता येईल. कोणती जनावरे आणि कोणते जिल्हे, हे राज्याने ठरवायचे. शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत मोबाइलवरून, जागेची नोंद असलेला फोटो पाठवून कळवायचे. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपात बंद झाला, आता हप्ता आपल्या खिशातून जातो. हप्ता आपण भरायचा आणि पुराव्याअभावी दावा मात्र फेटाळला जायचा, हे परवडणारे नाही.

तेव्हा प्रश्न फोटोचा आहे आणि फोटो काढायला मोबाइल घरोघर आहे. मग अडते कुठे? अंधारात, माळ्यावर, थंडीने आणि घाबरून कापणाऱ्या हातात मोबाइल धरून काढलेल्या चित्रात काळ्यावर काळे हलताना दिसते, बाकी काही नाही. अडचण कॅमेऱ्याची नाही, तो ज्यावर उभा आहे त्या आधाराची आहे.

झाडावर मचाण बांधून जनावराची वाट पाहणे आपल्याकडे जुने आहे. राजेरजवाडे आणि साहेब लोक बंदूक घेऊन बसत. १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने बंदूक बाजूला ठेवून वाटेवर तार लावली. वाघाचा पाय तारेला लागला की वाघच स्वतःचा फोटो काढी. अमेरिकेत हरणाची शिकार परवाना काढून, ठरल्या हंगामात करता येते. तिथले लोक झाडावर बैठक बांधतात आणि आपल्या शिकारीचे चित्रण करण्यासाठी खोडाला कॅमेऱ्याचा दांडा आवळतात. दुकानातला दांडा महाग पडतो म्हणून त्यांच्यातले कितीतरी जण पाइप, पट्टी आणि बोल्ट घेऊन तो घरीच करतात. त्यांची शिकार त्यांना लखलाभ. दांडा करण्याची अक्कल मात्र घेण्यासारखी आहे. आणि घरी करण्यात कमीपणा मानायचे कारण नाही. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा अख्खा कॅमेराच स्वतः तयार केला होता. आपल्याला तर नुसती खुंटी करायची आहे.

आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट, कॅमेरा माळ्याच्या कठड्याला बांधू नका. माणसाने कूस बदलली की माळा हलतो, माळ्याबरोबर कॅमेरा हलतो. माळा झाडावर असेल तर कॅमेरा थेट खोडाला, पहिल्या फांदीच्या खाली बांधा. फांदी वाऱ्याने झुलते, खोड झुलत नाही. माळा चार मेढींवर उभा असेल तर कॅमेऱ्याला वेगळा खांब रोवा आणि त्याचा माळ्याला कुठेही स्पर्श होऊ देऊ नका.

खोडाला बांधण्यासाठी हातभर लांब, दोन इंच जाडीचा बाभळीचा तुकडा घ्या. त्याच्या पाठीला सुताराकडून लांबीभर खाच पाडून घ्या. सपाट तुकडा गोल खोडावर गरगर फिरतो, खाचेचा तुकडा दोन धारांवर बसतो आणि फिरत नाही. वर एक आणि खाली एक असे दोन बंद हवेत. एकाच बंदावर तो तराजूच्या दांडीसारखा डुलतो. बंदाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, तिच्यावर चऱ्हाट बांधा आणि त्यात काठी घालून पीळ द्या. कडब्याची गाडी आवळताना देतो तोच पीळ. खिळा ठोकू नका. झाडालाही इजा होते आणि खिळा ढिलाही पडतो.

पुढे येणारा हात वीतभरच ठेवा. इथे सगळ्यांना मोह होतो. लांब हात केला की चित्रात शेत जास्त येईल असे वाटते. पण हात जितका लांब तितकी त्याच्या टोकाची थरथर जास्त, हे पाभरीच्या दांडीला हात लावलेल्या माणसाला सांगायला नको.

हाताच्या टोकाला बोल्ट. कॅमेऱ्याच्या बुडाला जे भोक असते ते बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच मापाचे असते. पाव इंची, इंचाला वीस आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन सुती बोल्ट मागा. दुकानदार सहा मिलिमीटरचा पुढे करील आणि "एकच आहे, चालतंय" म्हणेल. घेऊ नका. तो एक-दोन आटे जातो आणि अडकतो. तिथे जोर केला की कॅमेऱ्याचे आटे गेले. बोल्ट पाव इंचापेक्षा जास्त आत जाऊ नये म्हणून मध्ये वायसर घाला.

मोबाइलला असे भोक नसते. त्याला मोटारसायकलच्या हँडलवरचा पकडा चालतो, किंवा पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेऊन त्याला लांबीच्या बाजूने मोबाइल बसेल एवढी चीर पाडा आणि कडांना ट्यूब चिकटवा. लाकूड घरचे, ट्यूब जुनी, बोल्ट-वायसर विकतचे. युरियाच्या एका पोत्याला २६६ रुपये ५० पैसे पडतात; पीव्हीसीच्या या खटाटोपाला त्याहून कमीच लागतात.

कॅमेरा वर-खाली वाकवायला जो सांधा लागतो त्याचे उत्तर या मिरजेतच आहे. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याची खुंटी पाहा. निमुळती खुंटी, निमुळते भोक. ना स्क्रू ना नट, आणि तारेचा ताण धरून बसते. सरकू लागली तर खडूची पूड लावतात. सुताराला तशी जाड खुंटी करायला सांगा. रात्री अंधारात नट हातातून पडतो आणि ढेकळांत सापडत नाही, खुंटी मात्र पिळून घट्ट करता येते.

वेगळा खांब रोवणाऱ्यांनी जमीन पाहावी. मुरमाड रानात दोन फूट खड्डा, दगड आणि मुरूम ठोकून भरला की खांब हंगामभर हलत नाही. काळ्या रानाची गोष्ट निराळी. ते पावसाळ्यात फुगते, उन्हाने भेगाळते आणि खांबाला हळूहळू कलते करते. कपाशीच्या रानात हे हमखास होते. तिथे बांधावरचा लिंब किंवा बाभूळ बरी. झाड नसेलच तर खांबाला तीन बाजूंनी ताण द्या आणि दर आठवड्याला ओळंबा लावून पाहा.

इतके घट्ट कशासाठी? नुसते चित्र हलू नये म्हणून नव्हे. कॅमेरा रोज घरी न्यायचा, खुंटी मात्र तिथेच राहू द्यायची. तुकड्यावर करवतीने एक खूण करा, म्हणजे पुन्हा बसवल्यावर कॅमेरा त्याच जागी, त्याच रोखाने बसेल. पेरणीपासून आठ-आठ दिवसांनी त्याच चौकटीत एक फोटो काढा. चौकटीत विहीर, विजेचा खांब किंवा गटाचा दगड येऊ द्या. डुकरे येऊन गेल्यावर सकाळी तिथूनच शेवटचा फोटो. आदल्या आठवड्याचे उभे पीक आणि आजचे आडवे पीक, मागे तीच विहीर. रात्री डुक्कर चित्रात सापडले तर उत्तमच, पण नाही सापडले तरी पीक उभे होते आणि किती होते, हे साहेबाला नाकारता येत नाही. आमच्या मते जनावराच्या चित्राइतकीच या जोडीची किंमत आहे.

रात्रीच्या चित्रासाठी बॅटरी कॅमेऱ्याला चिकटून बांधू नका, हातभर बाजूला बांधा. नाहीतर धूळ आणि पाखरे पांढरी चमकतात आणि मागचे काही दिसत नाही. मालदांडी डोक्यावर गेली की आतले जनावर वरूनही दिसत नाही, नुसती ताटे हलतात. म्हणून रोख पिकाच्या मधोमध नको, जनावर जिथून शिरते त्या बांधाच्या खिंडारावर ठेवा. अंगाच्या उबेने आपोआप सुरू होणारा कॅमेरा कुणी चार जणांत मिळून घेतला असेल तर तो जनावर समोरून येईल असा नव्हे, आडवे जाईल असा लावा, आणि उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड करू नका.

सकाळी खुरांचे ठसेही घ्या, शेजारी काडेपेटी ठेवून. ओल्या मातीत डुकराच्या खुरामागे दोन लहान नखे उमटलेली दिसतात. म्हशीच्या शंकेला ते उत्तर आहे. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागेची नोंद निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एक गोष्ट तरण्या पोरांसाठी. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकाला उपद्रव देणाऱ्या डुकराबाबत वन अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी घेण्याची वाट कायद्यात आहे, काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीवाचून डुक्कर मारायचे आणि त्याचा व्हिडिओ गावभर पाठवायचा, म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच तयार करून सरकारला फुकट द्यायचा. कुंपणात वीज सोडणाऱ्यांना काय सांगावे? त्यात डुकराआधी घरचा माणूस सापडतो. हा कायदा शेतकऱ्याला विचारून झाला नाही, जनावर सरकारचे आणि खाद्य आमचे हा कुठला न्याय, हे आम्ही दर सभेत विचारतो आणि विचारत राहू. ते भांडण भांडायलाही कागद लागतो. म्हैसाळचे पाणी आले, ऊस आला, डुकराला बारमाही लपण झाले. सागरेश्वरभोवती हरणांची तक्रार, शिराळ्याकडे गव्यांची. प्रत्येक गावाने आपल्या नुकसानीची चित्रे तारखेवार जमवली तर जिल्ह्याचा आकडा आपण मांडू. आज तो फक्त सरकार मांडते.

माळ्यावर चढताना कॅमेरा हातात नको. आधी माणूस चढेल, स्वतःला कमरेला दोर बांधेल, मग पिशवी दोराने वर ओढेल. विजा चमकू लागल्या की कॅमेरा तिथेच सोडा आणि खाली या.

बाहेर मांडवाच्या डाव्या अंगाला लिंबाच्या खोडावर खाचेचा तुकडा आणि शेजारी मुरमात रोवलेला खांब, असे दोन्ही नमुने बांधून ठेवले आहेत. मिरजेतले एक सुतार तिथे थांबले आहेत, ते खुंटीचे माप देतील. जेवणाआधी प्रत्येक गावातल्या एकाने तरी तुकडा स्वतः बांधून, स्वतः पीळ देऊन पाहावा. बोल्ट आणि वायसर टेबलावर आहेत, गावाला एक जोडी, नाव लिहून घेऊन जा.