राष्ट्राच्या पायाभरणीत ख्रिस्ती श्रद्धा

बंगळूरच्या महात्मा गांधी मार्गाच्या पूर्व टोकास ट्रिनिटी चर्च हे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, येथील छावणीतील गोऱ्या पलटणींसाठी ते बांधले गेले. आतील भिंतींवर स्मृतिशिला आहेत आणि त्यांवर या देशात मरण पावलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. सरकारी नोकरीच्या निमित्ताने या शहरी आल्यावर मी प्रथम तेथे गेलो, तेव्हा मनात एक प्रश्न उभा राहिला. राज्यकर्त्यांच्या पलटणींबरोबर जी प्रार्थना या रस्त्याने आली, त्याच प्रार्थनेवर श्रद्धा असणाऱ्या भारतीयांनी स्वतंत्र राष्ट्राच्या उभारणीत कोणता वाटा उचलला?

श्रोतेहो, हा प्रश्न विचारताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्ती धर्म या देशात इंग्रजांच्या पुष्कळ आधी आला. केरळातील सुरियानी ख्रिस्ती समाज पोर्तुगीज जहाजे किनाऱ्याला लागण्यापूर्वी कित्येक शतके तेथे नांदत होता. तरीही इंग्रजी अमदानीत राज्यकर्त्यांचा धर्म आणि प्रजेतील काहींचा धर्म एक झाला, आणि त्यामुळे भारतीय ख्रिस्ती मनुष्यास आपली देशनिष्ठा वारंवार सिद्ध करून दाखवावी लागली, हे नाकारता येत नाही.

अमेरिकेसारख्या देशात राष्ट्रस्थापनेची कथा १६२० साली धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या यात्रेकरूंपासून सांगितली जाते. पण त्या देशानेही १७८७ च्या राज्यघटनेत सार्वजनिक अधिकारपदासाठी कोणतीही धार्मिक कसोटी लावली जाणार नाही, असे लिहून ठेवले. बहुसंख्यांच्या श्रद्धेने तेथे राज्यावर अधिकृत हक्क सांगितला नाही. आपल्याकडे ही श्रद्धा मूठभरांची. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. अशा लहान समाजाने राष्ट्रस्थापनेला काय दिले, हे पाहू लागलो म्हणजे ध्यानात येते की त्याने काय मागितले यापेक्षा काय सोडले, यातच त्याचे मोठेपण आहे.

आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्यांची मराठी अभंगाची आणि कीर्तनाचीच राहिली. ख्रिस्ती होण्यासाठी परकीय होण्याची गरज नाही, हे त्यांनी आपल्या वाणीने दाखविले. पुढे १९१७ साली मिशनचा आश्रय सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दुसरे उदाहरण बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांचे. मुंबईच्या माझगावात, माथारपाखाडीत जन्मलेला हा ईस्ट इंडियन कॅथलिक गृहस्थ लोकमान्यांचा निकटचा सहकारी होता. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावी होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद लोकमान्यांनी स्वतःकडे न घेता बॅप्टिस्टांकडे दिले. लोकांनी त्यांना ‘काका’ म्हटले. आपल्या लोकांत हे नाते मागून मिळत नाही, ते लोकच देतात.

परंतु खरी कसोटी पुढे होती. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेस भारतीय ख्रिस्ती लोकांचे प्रतिनिधी म्हणून सेलमचे के. टी. पॉल गेले. अनेक समाज विभक्त मतदारसंघ मागत असता पॉल यांनी त्या पद्धतीला विरोध केला. सर्वच ख्रिस्ती पुढारी त्यांच्या मताचे नव्हते. पॉल १९३१ साली निवर्तले, आणि त्याच वर्षी दुसऱ्या परिषदेत मद्रासकडील पन्नीरसेल्वम यांनी विभक्त मतदारसंघांच्या मागणीस साथ दिली. त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. संख्येने लहान असणाऱ्याला मोठ्या जमावात आपला आवाज बुडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. १९३२ च्या जातीय निवाड्याने ख्रिस्ती लोकांना विभक्त मतदारसंघ दिले.

स्वातंत्र्य आले आणि घटना समितीपुढे हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ठरले की मतदारसंघ संयुक्त असावेत, परंतु मध्यवर्ती कायदेमंडळात आणि मद्रास व मुंबई प्रांतांत ख्रिस्ती लोकांना राखीव जागा असाव्यात. म्हणजे हक्क हाती आला होता. असे असता ११ मे १९४९ रोजी सल्लागार समितीत, धार्मिक अल्पसंख्यांकांसाठीच्या राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव मांडला गेला. तो मांडणारे डॉक्टर हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि घटना समितीचे उपाध्यक्ष होते. त्याच महिन्यात सरदार पटेलांनी तो निर्णय घटना समितीपुढे ठेवला व समितीने तो स्वीकारला.

सरकारी नोकराच्या हाताखालून कागदांचे ढीग जातात. त्यांत मागणीचे कागद रोजचे. मिळालेला हक्क आपण होऊन परत केल्याचा कागद क्वचितच दृष्टीस पडतो. त्या ठरावाचा वृत्तांत वाचताना म्हणूनच मी थबकलो. यामागे राजकीय हिशेब मुळीच नव्हता असे म्हणण्याचे कारण नाही. पण केवळ हिशेबाने माणूस हातचे सोडत नाही. ख्रिस्ती उपदेशात मिठाचा दृष्टांत आहे. मीठ भाकरीच्या पिठात विरघळते, वेगळे दिसत नाही; नसले तर मात्र पहिल्या घासाला कळते. ही श्रद्धा बाळगणाऱ्याने शेजाऱ्यावर विश्वास टाकला, तर त्यात नवल नाही.

या विश्वासाच्या बदल्यात राष्ट्राने एक वचन दिले. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्यांकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. पण एक येणे बाकी राहिले. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने त्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांचा या दोन्ही वेळी झाला नाही. एकदा एक तरुण जातीचा दाखला घेऊन माझ्या टेबलापुढे उभा होता. नियम वाचून मी त्याला नकार दिला. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. तरी त्या दिवशी घरी जाताना मन स्वस्थ नव्हते. धर्म बदलला म्हणून गावाने त्याच्या आजोबांची वस्ती बदलली नव्हती.

याच बंगळुरात १९५७ साली पॉल देवनंदन आणि एम. एम. थॉमस यांच्या पुढाकाराने धर्म व समाज यांच्या अभ्यासाची एक ख्रिस्ती संस्था निघाली. आपल्या श्रद्धेने या नव्या राष्ट्राच्या बांधणीत कसे सहभागी व्हावे, हा तिच्या चिंतनाचा विषय होता. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा थॉमस यांनी तिच्याविरुद्ध लेखणी चालविली. १९९० साली ते नागालँडचे राज्यपाल झाले. देशावर निष्ठा असणे म्हणजे सत्तेपुढे मान तुकविणे नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

इमारतीच्या पायात गेलेला दगड पुन्हा कोणाला दिसत नाही. त्याने आपल्यावर नाव कोरून मागितलेले नसते. त्याची आठवण ठेवणे हे वर राहणाऱ्यांचे काम. ट्रिनिटी चर्चच्या भिंतीवरील नावे कोरीव आहेत, म्हणून टिकली. मुखर्जी, पॉल आणि काका बॅप्टिस्टा यांची नावे आपल्या वागणुकीतच टिकावयाची आहेत. संख्येने लहान असलेल्या शेजाऱ्याने १९४९ साली आपल्यावर टाकलेला विश्वास योग्य ठिकाणी पडला होता, असे त्याच्या नातवंडांना वाटते काय, एवढा प्रश्न आपण अधूनमधून स्वतःला विचारीत राहावे.