समुद्रपूरच्या गच्चीवरचा टेंट बर्फात चालेल का?

समुद्रपूरहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आलाय. "दादा, सव्वा किलोचा एकट्याचा टेंट घेतलाय. जानेवारीत केदारकांठाला बर्फात चालेल का?"

चालेल, पण जपून. केदारकांठा साडेबारा हजार फुटांवर आहे. टेंटचं वजन कमी होतं ते बारीक पोल, पातळ कापड आणि आतल्या जाळीमुळे. बारीक बर्फ वाऱ्यासोबत त्याच जाळीतून आत येतो. रात्रभर बर्फ पडला तर पोल वाकतो. म्हणून अलार्म लावून उठायचं, आतून थापट्या मारून बर्फ पाडायचा, आणि खाली साचलेला बाहेर जाऊन काढायचा. कंटाळा येतो राव, पण हे चुकवता येत नाही.

आता खुंट्या. आपल्या काळ्या मातीत त्या घट्ट बसतात, भुसभुशीत बर्फात सरळ निघून येतात. मग पिशवीत बर्फ भरायचा, दोरी बांधायची, फूटभर खोल आडवी पुरायची आणि वरून पाय देऊन दाबायचं. अर्ध्या तासात तो बर्फ कडक होतो. टेंटखालची जागाही आधी अशीच तुडवून ठेव. याची प्रॅक्टिस आपल्याकडेही होते. हिंगणघाटला वणा नदीच्या कोरड्या वाळूत पिशवी पुरून दोरी ओढून बघ.

थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. एकच मॅट पुरत नाही. खाली फोमची, वर हवेची.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऊब राहावी म्हणून सगळ्या चेन बंद करणं. आपल्याच श्वासाची वाफ कापडावर गोठते, सकाळी अंगावर पडते, आणि पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की तिची ऊब गेलीच. वरची खिडकी उघडीच ठेव. आणि स्टोव्ह टेंटमध्ये अजिबात नाही! कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. झोपेतच माणूस जातो. साधा ब्यूटेनचा डबा तर शून्याखाली पेटतही नाही धड.

आणि हो, टेंट एकट्याचा असला तरी सांकरीहून वर जाताना ग्रुपसोबतच जा. टेंट हाकेच्या अंतरावर लाव.

या रविवारी गच्चीवर जाड हातमोजे घालून, लाइट बंद करून टेंट उभा कर. किती मिनिटं लागली, ते पाठव मला.