कपाटातली बंदूक आणि बाईची सुरक्षितता

(उंब्रज येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय शस्त्रपरवान्याचा आहे असं कळल्यावर काहीजणी म्हणाल्या, "ताई, आमच्या हातात खुरपं आणि विळा. बंदुकीचं काय घेऊन बसलात?" मी त्यांना एवढंच विचारलं, तुमच्या गावात कुणाकुणाच्या घरी बंदूक आहे? भराभरा घरं सांगितली. कुठे रानडुकरांपासून पीक राखायला आजोबांनी घेतलेली, कुठे दुनळी बारा बोअर, कुठे धाकट्या मालकांचं कमरेचं रिव्हॉल्व्हर. म्हणजे बंदूक आपल्या हातात नसली तरी आपल्या घरात आहे, भावकीत आहे. तर मग तिचा कायदा फक्त पुरुषांनीच का वाचायचा?

आपल्या भागाला हा कायदा नवा नाही. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला तो इथल्या माणसांना निःशस्त्र ठेवण्यासाठी. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ मध्ये, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक सोंग वठवलं. दारुडा नवरा बायकोला मारतोय असं ते सोंग. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात साथीदारांनी आतली शस्त्रं उचलली. आपण ही गोष्ट कौतुकानं सांगतो, आणि सांगावीच. पण आज तोच मार खरोखर पडत असतो आणि शस्त्र नवऱ्याच्याच घरात असतं, तेव्हा काय करायचं हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. तो केंद्राचा कायदा, साऱ्या देशाला एकच. त्याखालचे नियम २०१६ साली नव्यानं झाले. आपल्याकडे बंदूक बाळगणं हा हक्क नाही. ती सरकारनं अटी घालून दिलेली परवानगी आहे, आणि अट मोडली की परवानगी जाऊ शकते. परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी देतात. त्याआधी पोलिसांचा अहवाल मागवतात. परवान्यावर एका माणसाचं नाव असतं, कोणतं शस्त्र, किती काडतुसं, परवाना जिल्ह्यापुरता की राज्यापुरता की देशभर, आणि मुदत कधीपर्यंत, हे सारं लिहिलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

परवाना घराला मिळत नाही, माणसाला मिळतो. "आमच्या घरात लायसन आहे" हे म्हणणं कायद्यात बसत नाही. नवऱ्याच्या नावाची बंदूक बायको पर्समध्ये घालून प्रवासाला निघाली तर ती विनापरवाना शस्त्र बाळगते, आणि त्याला किमान दोन ते कमाल पाच वर्षांची कैद आहे. सवलत आहे ती एवढीच, की परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानं दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी वा त्याच्याच वापरासाठी दुसऱ्याला शस्त्र नेता येतं. नवरा वारला आणि बंदूक मागं राहिली, तर ती ट्रंकेत दडवून ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. नंतर वारस म्हणून तुम्हाला स्वतःच्या नावानं परवाना मागता येतो.

आता कमरेला लावून मिरवण्याचं. पुष्कळांना वाटतं, परवाना आहे म्हणजे बंदूक दाखवत हिंडायला मोकळीक. नियम नेमका उलट आहे. २०१६ च्या नियमांत सार्वजनिक जागी शस्त्र नेताना ते म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. ते परजायला, उडवायला मनाई आहे. अमेरिकेत काही राज्यांत लपवून शस्त्र नेण्यासाठी वेगळा परवाना लागतो, काही राज्यांत लागत नाही. तिथे राहणाऱ्या आपल्या पोरीबाळींना राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदललेला दिसतो. आपल्याकडे तसा वेगळा परवाना नाही, झाकून नेणं हीच अट आहे. शिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. पालच्या खंडोबाच्या यात्रेत कुणी कमरेचं हत्यार दाखवत गर्दीत शिरला, तर "साहेबांचं लायसन आहे" हे उत्तर पुरणार नाही. वरातीत हवेत बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

राज्याचा कायदा यात कुठे येतो? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. सण, आंदोलन, निवडणूक आली की वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापून येतो तो. त्या काळात बंदूकच काय, तलवार, भाला, सुरा, काठीसुद्धा सार्वजनिक जागी नेता येत नाही. तुमचं खुरपं आणि ऊसतोडीचा कोयता एरवी शस्त्रांत मोडत नाहीत, कारण निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू कायद्यानं वगळली आहे. पण त्याच कोयत्यानं गावात दहशत घातली तर "शेतीचं अवजार आहे" हा बचाव टिकत नाही.

मग बाईनं स्वतः परवाना मागावा का? मागू शकते. वय २१ पूर्ण हवं आणि जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. एक कलम मुद्दाम सांगते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. ज्या बायकांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे. नकाराची कारणं अधिकाऱ्यानं लेखी नोंदवायची असतात आणि त्यावर अपील करता येतं.

पण परवाना मिळाला म्हणजे सुरक्षितता मिळाली का? दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ज्या देशात बाईला रात्री एसटी स्टँडवर धड उजेड मिळत नाही, तिथे तिला सांगितलं, सव्वा लाख काढ आणि तुझं तू बघ! स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं आपल्याला आहेच. बलात्काराचा, अपहरणाचा, ॲसिड हल्ल्याचा प्रयत्न झाला तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत तो जातो. त्या हक्काला परवाना लागत नाही.

माझा मुख्य मुद्दा पुढचा आहे. सल्ला केंद्रात बसल्यावर बाया ज्या भीतीबद्दल बोलतात ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची थोडी असते. जास्त असते ती उंबऱ्याच्या आतली. एक बाई म्हणाली, "ताई, त्यांनी कधी गोळी झाडली नाही. फक्त रात्री बंदूक काढून पुसत बसतात, आणि मी माहेरचं नाव काढलं की पलंगावर ठेवतात." मारल्याची खूण नाही, तक्रारीत काय लिहायचं? लिहायचं तेच, जसं घडलं तसं. धमकी हा हिंसाचारच आहे.

म्हणून शस्त्र अधिनियमातलं आपल्या सगळ्यात कामाचं कलम बंदूक देणारं नाही, काढून घेणारं आहे. कलम १७. अट मोडली, माहिती दडवून परवाना घेतला, धारक शस्त्र बाळगायला अयोग्य ठरला किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज वाटली, तर जिल्हादंडाधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. हिंसेच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. आपण ज्याला चॅप्टर केस म्हणतो, त्यात शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून द्यायला लावलं असेल, तर त्या मुदतीतही नाही. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या नियमांत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं संरक्षण अधिकारी हिंसाचारात वापरलेलं हत्यार पोलिसांच्या मदतीनं जप्त करू शकतो.

पण इथे एक भोक आहे. बाईला कोर्टातून संरक्षण आदेश मिळाला म्हणून नवऱ्याचा शस्त्रपरवाना आपोआप थांबत नाही. कोर्टाचा कागद एका कपाटात, परवाना दुसऱ्या कपाटात. अमेरिकेत बंदूक हा घटनेनं दिलेला हक्क मानतात. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो घराबाहेरही आहे असं सांगितलं. तरीही जून २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं, जोडीदाराच्या जिवाला धोका म्हणून ज्याच्यावर कोर्टाचा मनाई आदेश आहे त्याच्याकडून बंदूक काढून घेणारा कायदा उचलून धरला. जिथे बंदूक हक्क आहे तिथे हे होतं, तर जिथे ती नुसती परवानगी आहे तिथे का होऊ नये? संरक्षण आदेश निघाला की परवाना त्याच दिवशी निलंबित व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

ती पूर्ण होईपर्यंत आपल्या हातात काय? घरात बंदूक असेल तर परवाना एकदा नीट वाचा. नाव, क्रमांक, मुदत लिहून ठेवा, आणि ती चिठ्ठी घराबाहेर विश्वासाच्या बाईकडे द्या. धमकी झाली तर तक्रारीत "हत्यार दाखवलं" एवढंच लिहू नका, परवान्याचा क्रमांक घाला. कोर्टातल्या अर्जात हत्यार जमा करण्याचा आदेश स्वतंत्रपणे मागा, तो न मागता मिळत नाही. आणि तक्रारीची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे परवाना रद्द करण्याच्या अर्जासोबत पाठवा, पोच घ्या. एकटीला भीती वाटत असेल तर पाचजणी मिळून जा. अर्ज कसा लिहायचा ते आपण आता जेवणानंतरच्या सत्रात बसून करणार आहोत. ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांनी पुढे बसा.