कळफलकाची कळ



साहित्याच्या व्याख्यानमालेत एका होमिओपॅथने संगणकाच्या कळांविषयी बोलावे, हे थोडे विचित्र आहे याची मला कल्पना आहे. पण आपल्यातले बहुतेक जण आता लेखणीने नव्हे, कळफलकावर लिहितात. तेव्हा कोणती कळ दाबली की काय घडावे, हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न लिहिणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

मी इच्छापोरला प्रॅक्टिस करतो. हजिऱ्याच्या कारखान्यांत कामाला असलेली धुळे, नंदुरबार, जळगावकडची पुष्कळ मंडळी माझ्याकडे येतात. आमच्या शास्त्रात केस घेताना रोग्याचे शब्द त्याच्याच भाषेत उतरवायचे असतात. ‘डोकं ठणकतं’, ‘डोकं जड झालंय’ आणि ‘डोकं फुटतंय’ या आमच्या लेखी तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिन्हींना ‘डोकेदुखी’ लिहिले की केस हातची गेली. म्हणून माझे केसपेपर मराठीतच असतात.

पूर्वी ते एका जुन्या फाँटात टाइप केलेले होते. संगणक बदलला आणि उघडल्यावर नुसती चिन्हे दिसू लागली. त्यानंतर मी ठरवले की सगळे युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फायलींत ठेवायचे. पुतण्याने जुन्या संगणकावर लिनक्स घालून दिले आणि विम नावाचा संपादक शिकवला. तो टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर चालतो. माऊस लागत नाही, सगळा कारभार कळांवर. जोडाक्षरे त्या पडद्यावर कधी कधी फुटलेली दिसतात, पण फायलीत शाबूत असतात.

विमच्या दोन अवस्था लक्षात घ्या. एक इन्सर्ट मोड, म्हणजे लिहिण्याची अवस्था. दुसरी आज्ञेची. तिच्यात तीच अक्षरे हुकूम होतात. एच, जे, के, एल या कळांनी डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जायचे. डीएल म्हटले की अक्षर खोडले जाते, ओ म्हटले की खाली नवी ओळ उघडून लिहिणे सुरू होते. लिहिण्यातून आज्ञेकडे यायला एस्केप दाबायची.

हे असे का? विमचा पूर्वज ‘व्हीआय’. तो १९७६ च्या सुमारास बर्कलीला बिल जॉय यांनी एडीएम-३ए या टर्मिनलवर घडवला. त्या यंत्रावर बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते आणि एस्केप क्यूच्या शेजारी, करंगळीपाशी होती. पुढे कळफलक बदलले, एस्केप वरच्या कोपऱ्यात गेली, आज्ञा मात्र जुन्याच राहिल्या. १९९१ मध्ये ब्राम मोलेनार यांनी विम प्रसिद्ध केला, तोही याच वळणाचा. म्हणजे गेलेल्या घराचा जिना आपण अजून चढतो आहोत! साठी उलटल्यावर त्या कोपऱ्यापर्यंत दिवसातून शेकडो वेळा हात नेताना माझ्या करंगळीत कळ येऊ लागली. आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, हे तेव्हा चांगले कळले.

यावर विममध्ये उपाय आहे. घरच्या फोल्डरातल्या ‘विमआरसी’ फायलीत एक ओळ लिहिली की कळांचा अर्थ बदलता येतो. तरुण मंडळींत एक युक्ती लोकप्रिय आहे. जे आणि के लागोपाठ दाबले की एस्केप समजावी. दोन्ही कळा बोटांखालीच, आणि इंग्रजीत ही जोडी जवळजवळ येत नाही. एका संध्याकाळी मी ती ओळ घातली आणि समाधानाने झोपलो.

आता मराठीकडे येऊ. मी इनस्क्रिप्टने टाइप करतो. हा आराखडा १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने मांडला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक आयएस १३१९४ मध्ये आला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. शिफ्टसह क दाबला की ख, ग दाबला की घ. मराठीसाठी र च्या कळेवर शिफ्टने ‘दऱ्या’मधला ऱ ठेवलेला आहे. आज्ञा रोमन आणि मजकूर मराठी, हा झगडा मिटवायला विममध्ये कीमॅपची सोय आहे. इनस्क्रिप्टचा तक्ता एका फायलीत लिहून ठेवायचा. तो फक्त लिहिण्याच्या अवस्थेत लागू होतो, आज्ञा रोमनच राहतात. कंट्रोल आणि ६ ने तो चालू-बंद करता येतो.

या तक्त्यात जे म्हणजे र आणि के म्हणजे क. र पाठोपाठ क! दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत मी ‘रक्तदाब’ टाइप केले. र आणि क येताच संपादकाने एस्केप मानली. पुढचा हलन्त म्हणजे डी, त म्हणजे एल. मागचे अक्षर खोडले गेले. द म्हणजे ओ. नवी ओळ उघडली आणि तिच्यावर ‘ाब’ एवढेच उमटले. ‘प्रकृती’ची तीच गत, ‘फरक’ची तीच गत. होमिओपॅथच्या कागदावरून नेमके हे तीन शब्द उडावेत!

सावकाश टाइप केले, दोन कळांत सेकंदाहून जास्त गेले, की शब्द नीट उमटे. वेग आला की मोडे. आणि केस घेताना मी पडद्याकडे नव्हे, रोग्याच्या तोंडाकडे पाहतो. संध्याकाळी लक्षात आले तेव्हा आठवेल तेवढे दुरुस्त केले. एक केसपेपर राहून गेला. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ सपत्नीक आले. मी फाइल उघडली, तर मधल्या ओळीवर ‘ाब’. मी पुन्हा विचारू लागलो. त्या बाई म्हणाल्या, “डॉक्टर, बीपीचं तेव्हाच सांगितलं होतं ना? तुम्ही लिहून घेत होतात.” मी दोघांची क्षमा मागितली आणि आधी रक्तदाब मोजला. निष्काळजीपणा माझा होता. इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी सुचलेली सोय माझी भाषा न तपासता मी उचलली होती.

मग मराठीच्या बाजूने विचार केला. कोणत्या दोन खुणा मराठीत कधीच लागोपाठ येत नाहीत? ऱ्हस्व वेलांटीनंतर हलन्त येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर टाइप होते. ती एफवर आहे, हलन्त डीवर. शेजारच्या कळा, डाव्या हाताच्या बोटांखाली, आणि इंग्रजीतही एफडी ही जोडी क्वचितच. ओळ अशी: आयनोरमॅप, पुढे एफडी, पुढे एस्केप. तेव्हापासून रक्त वाहते आहे, प्रकृती ठीक आहे.

या अनुभवातून तीन पथ्ये सांगतो. पहिले, नवी कळ बांधली की आपल्या रोजच्या शंभर शब्दांची यादी कोऱ्या फायलीत वेगाने टाइप करून पाहा, मगच कामाच्या फायलीला हात लावा. दुसरे, विमआरसी फायलीची प्रत वेगळी ठेवा आणि प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहा. या फायलीत ओळीच्या सुरुवातीला दुहेरी अवतरणाचे चिन्ह दिले की ती ओळ टीप ठरते. तिसरे, मोजकेच बदला. सगळे बदलले तर दुसऱ्याच्या संगणकावर आपण पांगळे होतो. आमच्याकडे परिग्रहाला परिमाण घालायला सांगतात. मी माझ्या शॉर्टकटना घातले आहे: सात. आठवा हवा असेल तर एक सोडायचा.

आपण भाषेच्या शुद्धलेखनावर पुष्कळ बोलतो. आपल्या भाषेत कोणते अक्षर कोणाशेजारी बसते आणि कोणाशेजारी कधीच बसत नाही, हे ज्ञान आता व्याकरणाच्या पुस्तकापुरते उरलेले नाही. त्यावर एका माणसाच्या केसपेपरातला रक्तदाब टिकतो किंवा पुसला जातो. ते ज्ञान आपण वापरले नाही, तर आपल्या कळा दुसऱ्या भाषेच्या सोयीने बांधल्या जातील, आणि कळ मात्र आपल्याला येईल.